क्रेनमावशीच्या पोटाचे व्यायाम

पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात तिला सगळे क्रेनमावशी म्हणायचे, आणि बरीच वर्षं तिला त्याचा अभिमानच होता. मांडी मोडलेला नव्वद किलोचा ट्रकड्रायव्हर असो की खुब्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर माणूस हलवायचा तर हाक तिलाच. पेशंटचे हात आपल्या गळ्यात घ्यायचे, पाय फाकवून उभं राहायचं, 'एक, दोन, तीन' म्हणायचं, छातीत श्वास कोंडायचा आणि उचलायचं. पायांकडून जोडीदारीण धरायची. दोघींचं इतकं जमलेलं होतं की उचलताना गप्पासुद्धा थांबत नसत.

मग जोडीदारीण निवृत्त झाली आणि तिच्या जागी कुणीच आलं नाही. 'तात्पुरतं सांभाळून घ्या मावशी,' असं प्रशासनाच्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं. ते तात्पुरतं तीन वर्षं चाललं होतं. तीन वर्षं ती पेशंटला एकटी उचलत होती, आणि एका मंगळवारी चौदा नंबरच्या पलंगापाशी तिच्या कमरेत असं काही लचकलं की तिला चौदा नंबरच्याच गादीवर पेशंटच्या पायाशी बसावं लागलं. पेशंट बिचारा घाबरून तिलाच विचारायला लागला, "मावशी, सिस्टरला बोलावू का?"

डॉक्टरांनी फोटो काढला. तो उजेडावर धरून बघितला आणि म्हणाले, "हाडं चांगली आहेत. पोटाचे स्नायू कमकुवत झालेत. पोट मजबूत करा, कंबर आपोआप सुधारेल."

कमकुवत! त्या एका शब्दाने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसाला वीस-बावीस माणसं उचलणारी बाई कमकुवत, आणि लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर राउंड घ्यायला न येणारे डॉक्टर मजबूत! पण बोलायची सोय नव्हती, कारण नोकरी कंत्राटी होती. साहेबांनी दिलेल्या पत्रात तीनच ओळी होत्या. सहा आठवड्यांची सुट्टी. त्यानंतर व्यायाम विभागाकडून तपासणी. कामास योग्य ठरल्यास पुन्हा वॉर्डात, न ठरल्यास कंत्राट संपलं. म्हणजे माणसं उचलून मोडलेली कंबर तिने घरी नेऊन स्वतःच्या वेळात दुरुस्त करायची, आणि नाही झाली तर तिचं नशीब.

व्यायाम विभाग तळघरात होता. तिथल्या ताईंच्या दाराबाहेर बाकांवर पंचवीस माणसं बसली होती. ताईंनी तिला दोन मिनिटं दिली आणि हातात एक कागद. 'घरच्या घरी पोटाचे व्यायाम.' झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून कागदावरच्या माणसाचे नाकडोळे पार पुसले गेले होते, आणि एका चित्रात तर त्याचा पायच कागदाबाहेर गेला होता. तो पाय वर करतोय की खाली, हे कळायला मार्ग नव्हता.

"असल्या कागदाने कुणाचं पोट सुधारलंय का?" तिने बाकावरच्या बाईला विचारलं.

"मला मानेसाठी पण हाच दिलाय," ती बाई म्हणाली.

घरी एकच खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये माणूस उताणा मावेल एवढी जागा होती, पण नवऱ्याची खुर्ची बाहेर काढली तरच. नवरा शाळेची बस चालवायचा आणि दुपारी घरी येऊन त्या खुर्चीत चहा प्यायचा. त्याचं पोट शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावत असे, आणि त्याला आजवर कुणी कमकुवत म्हटलं नव्हतं.

"खुर्ची बाहेर का?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मला व्यायाम करायचाय."

"या वयात बारीक होऊन काय करणार आहेस?"

"तुम्ही चहा प्या आणि गप्प बसा," ती म्हणाली, आणि त्या आवाजावरून नवऱ्याने ओळखलं की आज गप्प बसणंच शहाणपणाचं आहे. तो कप घेऊन दाराबाहेर जाऊन बसला.

मुलगी कॉलेजात होती. तिने कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "आई, हे कोण बघतं आता? मी तुला मोबाइलवर लावून देते. व्हिडिओ ढीगभर आहेत."

ढीगभर होतेच. पोटाचे व्यायाम म्हटल्यावर मोबाइलमधून एकामागून एक मुली निघाल्या. सगळ्यांची पोटं इस्त्री केल्यासारखी सपाट. मागे समुद्र, नाहीतर काचेच्या भिंती, नाहीतर एवढं मोठं घर की त्यात हिची चाळ मावली असती. "फक्त सात मिनिटं, मैत्रिणींनो!" एक किंचाळत होती. "सोप्पंय! हसत करा!" दुसरी म्हणत होती की दोन आठवड्यांत पोटावरची चरबी जाईल. तिसरीने मध्येच व्यायाम थांबवून कसली तरी पावडर दाखवली. उचलायचं काम करणाऱ्या बाईची कंबर दुखत असेल तर तिने काय करायचं, हे त्यांच्यापैकी एकीनेही सांगितलं नाही. सांगणार कुठून? त्या मुलींनी आयुष्यात स्वतःच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा जड काही उचललेलं दिसत नव्हतं.

पण नोकरी सहा आठवड्यांवर टांगलेली होती. तिने त्यांच्यातली एक निवडली, मैत्रिणींनोवालीच, कारण ती निदान मोजत तरी होती. उताणं पडायचं, गुडघे मोडायचे, हात डोक्यामागे, आणि मान-खांदे वर. पुन्हा खाली. पुन्हा वर. मुलगी शेजारी बसून मोजत होती. वीस झाले तेव्हा मानेला रग लागली. तीसला पोटात पेटका आला. मुलगी म्हणाली, "आई, बास ना." पण हिचा स्वभाव असा की राग आला की थांबायचं हे तिला सुचतच नसे. चाळीसला ती दात खाऊन, श्वास कोंडून वर येत होती. पन्नास पूर्ण केले आणि मोबाइलमधल्या हसऱ्या मुलीला म्हणाली, "घे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पलंगावरून उठता येईना.

ती नेहमीसारखी सरळ बसती व्हायला गेली आणि कमरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ती तशीच छताकडे बघत पडून राहिली. नवरा म्हणाला, "थांब, ओढतो," आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"हात लावू नका!" ती ओरडली. "असं ओढतात का कधी पेशंटला? कुशीवर वळवायचं आधी, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटून..."

आणि ती बोलता बोलता थांबली.

हाडांच्या वॉर्डाआधी सात वर्षं ती पोटाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात होती. सात वर्षं तिने शेकडो माणसांना हेच बजावलं होतं. सरळ उठायचं नाही, टाके ओढले जातात. कुशीवर वळा. खोकला आला तर उशी पोटावर धरा आणि दाबून खोका. ऐकलं नाही तर ती त्यांना रागवायचीसुद्धा. आणि स्वतः? स्वतः रोज सकाळी अलार्म वाजला की स्प्रिंग लावल्यासारखी ताडकन उठून बसायची. तिला स्वतःचाच एवढा राग आला की रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं दुखण्याने रडतेय. तिने त्याला तसंच वाटू दिलं.

कुशीवर वळून, पाय खाली सोडून ती उठली. मग उशी पोटावर धरली आणि मुद्दाम खोकली. उशीखाली पोट सगळीकडून एकदम आवळलं गेलं. पुढून, बाजूंनी, पार मागे कमरेपर्यंत, कुणी पट्टा ओढावा तसं. ती पुन्हा खोकली. पुन्हा तोच पट्टा. मैत्रिणींनोवालीच्या पन्नास सिटअप्समध्ये हे एकदाही झालं नव्हतं. तेव्हा पोट उलट फुगून बाहेर येत होतं.

त्याच दिवशी ती तळघरात गेली. नंबर लावला नाही. बाकांवरच्या माणसांना म्हणाली, "एक मिनिट हं, भांडायचंय," आणि आत शिरली.

"ताई, हा तुमचा कागद." तिने तो टेबलावर आपटला. "ह्या माणसाला डोळे नाहीत, पाय नाही, आणि मानेलाही हाच, कमरेलाही हाच. सिटअप्स काढून काल माझी उरलीसुरली कंबर गेली. माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तुम्ही मला चित्रं वाटताय!"

ताई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या आणि सकाळपासून पाण्याचा घोटही मिळाला नसावा असा त्यांचा चेहरा होता. त्याही काही कमी नव्हत्या. "सिटअप्स काढायला मी सांगितलं होतं? कागदावर सिटअप्स आहेत कुठे?"

"कागदावर काय आहे तेच दिसत नाही!"

ताईंनी कागद उचलून बघितला. बराच वेळ बघितला. मग तो चुरगाळून कचऱ्यात टाकला आणि म्हणाल्या, "झोपा इथे."

क्रेनमावशी उंच बाकावर उताणी झोपली. ताईंनी एक नॅपकिन घडी करून तिच्या कमरेखाली सरकवला. "पाठीने हा दाबून धरा. मी ओढला तरी निघता कामा नये. आता एक टाच हळूहळू पुढे सरकवा."

टाच सरकली आणि नॅपकिन अलगद ताईंच्या हातात आला.

"हे तर काहीच नाही," मावशी चिडून म्हणाली. "टाच काय सरकवायची! मी माणसं उचलते."

"हे काहीच नाही तर निघाला कसा? आणि श्वास का कोंडलाय?"

"जड काम करताना श्वास कोण सोडतं? एकोणीस वर्षं अशीच उचलतेय मी."

"सगळ्यांनी सोडायचा असतो. तुम्ही एकोणीस वर्षं श्वास कोंडून उचलताय?" ताई खरोखरच थक्क झाल्या. "कोंडला की पोट फुगतं आणि सगळा भार कमरेवर जातो. आधी पोट आवळायचं, मग श्वास सोडत जोर लावायचा. आवळायचं कसं ते..."

"खोकल्यासारखं," मावशी म्हणाली.

"हो. अगदी खोकल्यासारखं. कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? मीच सांगायचे लोकांना," मावशी फणकारली.

त्या दिवसापासून खुर्ची रोज दोनदा बाहेर गेली. पहिला आठवडा फक्त टाचा. उताणं पडून, नॅपकिन कमरेखाली, एक टाच पुढे, एक मागे, तोंडाने हळू श्वास सोडत. नॅपकिन ओढायचं काम नवऱ्याकडे होतं, आणि तो असा इमानेइतबारे ओढायचा की दोनदा नॅपकिनच फाटला. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही गुडघे वर, दोन्ही हात छताकडे, मग उजवा हात डोक्याच्या वर आणि डावा पाय लांब. मग उलट. दिसायला उलथ्या पडलेल्या झुरळासारखं. नवरा हसला तेव्हा तिने त्याला तिथेच झोपवलं आणि तेच करायला लावलं. चौथ्या वेळेला तो घामाने भिजून म्हणाला, "हे माणसाचं काम नाही." त्यानंतर तो हसला नाही.

पुढे हातापायांवर ओणवं राहून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा, कंबर न हलवता. मुलगी कमरेवर प्लास्टिकचा रिकामा डबा ठेवायची. तो पडला की पुन्हा पहिल्यापासून. मग कुशीवर कोपराच्या आधाराने, गुडघे मोडून, कंबर उचलून धरायची. दहा आकडे मोजायचे, खाली यायचं. यात कुठेही पन्नास नव्हते, शंभर नव्हते. आठ वेळा, दहा वेळा, पण नीट. पाचव्या आठवड्यात ती भाजीची पिशवी घेऊन चार जिने चढली आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की मध्ये कुठे थांबायला लागलं नाही.

आनंद झाला. नाही म्हणायचं कारण नाही. पण आनंदाच्या मागोमाग राग आला, आणि हा राग आधीच्या सगळ्या रागांपेक्षा थंड होता. एवढं साधं होतं हे. एक नॅपकिन, जमिनीचा एक तुकडा आणि कुणीतरी नीट सांगणारं. एकोणीस वर्षांत कुणाला वाटलं नाही की ही बाई रोज बावीस माणसं उचलते, तिला उचलायचं कसं ते दाखवावं.

तपासणीच्या दिवशी ताईंनी तिच्याकडून सगळं करून घेतलं. वाळूची पिशवी उचलायला लावली, खाली ठेवायला लावली. मग टेबलाशी बसून दाखला लिहिला आणि तिला मोठ्याने वाचून दाखवला. "कामास योग्य. मात्र रुग्णास उचलताना दोन व्यक्ती आवश्यक." दुसऱ्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली.

"हे कशाला?" मावशीने विचारलं.

"कारण तुमचं पोट आता चांगलं आहे. पण म्हणून नव्वद किलोचा माणूस साठ किलोचा होत नाही. ही ओळ पाळली नाही तर सहा महिन्यांत तुम्ही परत इथेच याल, आणि तेव्हा मला काही करता येणार नाही."

दाखला साहेबांकडे गेला. चार दिवसांनी निरोप आला की सोमवारी सकाळी सगळ्या मावशींनी बैठकीच्या हॉलमध्ये जमायचं. व्यायामाचं प्रात्यक्षिक आहे. करून दाखवणार क्रेनमावशी.

हॉलमध्ये तिला सोडून सगळ्या वॉर्डांच्या मिळून सतरा मावशी होत्या. त्यातल्या निम्म्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, कारण खुर्च्यांवर बसलं की उठताना त्रास होतो हे त्यांना माहीत होतं. मध्ये जमिनीवर निळी चटई अंथरली होती. ताईंनाही बोलावलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

साहेबांनी माइक हातात घेतला. हॉल एवढासा, माइकची गरज नव्हती. "आपल्याकडे कंबरदुखीच्या तक्रारी फार वाढल्यात," ते म्हणाले. "जो तो माणसं कमी आहेत म्हणून ओरडतोय. पण आपल्या मावशींनी काय केलं? रोज घरी अर्धा तास व्यायाम! आणि हा बघा दाखला. कामास योग्य!" त्यांनी कागद सगळ्यांना दिसेल असा फिरवला आणि घडी घालून खिशात ठेवला. "त्यांना जमलं, तर तुम्हाला का जमू नये? आजपासून माणूस कमी आहे ही सबब चालणार नाही. पोट मजबूत करा!"

सतरा बायकांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत कौतुक नव्हतं. तिला वाटलं जमीन दुभंगावी. सहा आठवडे घाम गाळून तिने स्वतःची नोकरी वाचवली होती, आणि त्याच घामाची काठी करून हा माणूस या सगळ्यांच्या पाठीत घालत होता.

"साहेब, खालची ओळ वाचा," ती म्हणाली.

"कुठली?"

"दाखल्यावर खाली अजून एक ओळ आहे. तिच्याखाली रेघ मारलीय."

"ते तांत्रिक असतं, मावशी. तुम्ही व्यायाम दाखवा."

ती चटईवर जाऊन उताणी पडली. साहेबांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. पण तिने ना गुडघे उचलले, ना हात. डोळे मिटले आणि सगळं अंग सैल सोडलं, भूल उतरायच्या आधी पेशंट सोडतो तसं.

"मावशी?"

"मी खुब्याचं ऑपरेशन झालेली पेशंट आहे. वजन बहात्तर किलो. त्या खुर्चीत बसवा मला," ती डोळे न उघडता म्हणाली.

"हा काय पोरकटपणा आहे!"

"दिवसाला बावीस वेळा करते मी. तुम्ही एकदा करा. पोट मजबूत असेलच तुमचं."

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांपुढे पेच पडला. नाही म्हणावं तर सतरा बायका बघत होत्या. त्यांनी माइक खुर्चीवर ठेवला, बाह्या सरसावल्या, तिच्या डोक्याशी वाकून काखेत हात घातले आणि उचललं. खांदे चटईपासून वीतभर वर आले. डोकं मागे लोंबलं. ढुंगण जागचं हललं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला, शर्ट पँटबाहेर आला, गळ्याची शीर टरारली.

"अंग का सोडलंय असं? थोडी मदत करा की!" ते धापा टाकत म्हणाले.

"पेशंट करतो का?"

त्यांनी आणखी एकदा जोर लावला. मग कमरेपाशी काहीतरी झालं असावं, कारण त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि ते तसेच अर्धे वाकलेले राहिले. तिला खाली सोडताही येईना, वर घेताही येईना.

"अहो, बघत काय उभ्या राहिलात सगळ्या!" ते ओरडले. "कुणीतरी पायाकडून धरा ना! एकट्याने कसं उचलणार!"

हॉलमध्ये एकही बाई हलली नाही. साहेबांना आपण काय बोललो ते ऐकू यायला थोडा वेळ लागला. त्यांच्या दंडांवर डोकं टेकवून क्रेनमावशीने डोळे उघडले. त्यांचा घामेजलेला चेहरा तिच्या तोंडावर उलटा झुकलेला होता.

"हेच लिहून द्या, साहेब. आत्ता म्हणालात ना, अगदी तसंच," ती म्हणाली. "आणि खाली सही करा."

साहेबांनी तिला हळूच खाली ठेवलं आणि कंबर धरून खुर्चीत बसले. त्यांनी वरचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताई पुढे आल्या आणि त्यांनी आपलं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.